शिंगं न मोडता

माहितीपत्रक विक्रेत्यानं भाच्याच्या हातात दिलं आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही तिकडे बसता का? पंखा आहे तिथं." मी उभीच राहिले. गाडी मला बघायची होती, वेळ मी घेतली होती, फोनवर नाव माझं सांगितलं होतं. भाचा सोबत आला होता तो फक्त स्पोर्ट्स कार जवळून बघायला मिळते म्हणून. पण विक्रेत्याच्या नजरेनं हिशेब आधीच उरकला होता: तेवीस वर्षांचा मुलगा, सत्तावन्न वर्षांची बाई, गाडी मुलाची, चेकबुक बाईचं.

"गाडी मावशीला हवीय," भाचा म्हणाला. विक्रेता हसला, त्याला तो विनोद वाटला. आम्ही कोणीच हसलो नाही तेव्हा सावरून मला म्हणाला, "अच्छा, मग ऑटोमॅटिक दाखवू का?" मी म्हटलं, मॅन्युअल. "क्लच जड वाटेल हं." पस्तीस वर्षं क्लच दाबतेय, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. गाडी चालवून बघायची वेळ आली तेव्हा मात्र पारडं फिरलं. किल्ली मला मिळाली, भाच्याला नाही. पंचविशीखालच्या कोणाला चाचणीसाठी गाडी देणं त्यांच्या विम्यात बसत नव्हतं. म्हणजे त्या दालनात आम्ही दोघं गेलो आणि दोघांचंही वय चुकीचं निघालं.

परतीच्या वाटेवर आम्ही बरोबर वय शोधायला लागलो. विशीत असाल तर बापाच्या पैशावर उडणारं कार्टं. तिशीत असाल तर, अरे बाबा, मुलंबाळं कुठं बसवणार दोन आसनांच्या गाडीत? चाळिशीत, पंचेचाळिशीत मिडलाइफ क्रायसिस. हा शब्द आता मराठीतही जसाच्या तसा चालतो. पन्नाशीत केस काळे करणारे. साठीला म्हातारचळ. भाच्यानं बराच वेळ विचार करून निकाल दिला, "सदतीस. सदतीसला कोणी काही बोलणार नाही." दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "नाही गं, तेव्हा घटस्फोट झालाय का विचारतील."

घरी नवऱ्यानं एका वाक्यात मोकळं केलं: "शिंगं मोडून वासरांत शिरायचं ठरवलंयस तर." त्याचा विरोध नव्हता, म्हण सुचल्याचा आनंद जास्त होता. धाकट्या बहिणीनं, म्हणजे भाच्याच्या आईनं, तब्येतीची चौकशी केली. अगदी गंभीरपणे.

खरं म्हणजे ही हौस उतारवयातली नव्हेच. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदानं एमएक्स-५ मांडली. तिचं चित्र मी काही महिन्यांनी एका मासिकात पाहिलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. दोन आसनं, कापडी छत, १.६ लिटरचं इंजिन, हजार किलोच्या आतलं वजन, आणि दिवे लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट. ते पान कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पुढे कपाट बदललं, घर बदललं. गाड्या चार झाल्या, चारही चार दारांच्या. मुलींना शाळेत सोडायला, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला, एकदा तर टपावर गादी बांधून. दोन आसनांची गाडी कोणाच्याही घरात पहिली गाडी असूच शकत नाही, ती दुसरी असते. आणि दुसरी गाडी सुचते ती घरातली ओझी उतरल्यावर. उघड्या गाड्यांत पांढरी डोकी जास्त दिसतात याचं कारण मला डोक्यात कमी आणि बँकेच्या खात्यात जास्त दिसतं. हौस तेव्हाची आहे, पैसे आत्ताचे आहेत.

पण मी फार साळसूदपणे बोलू नये. वयाचे कप्पे मी स्वतः केले आहेत. मोटार विम्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी दाव्यांच्या विभागात. समोर अर्ज आला की नाव वाचायच्या आधी जन्मतारीख बघायची, ही सवय हाडांत मुरलेली. अपघातांचा आलेख वयाप्रमाणे मांडला तर तो वाटीसारखा दिसतो: अगदी तरुणांकडे उंच, मधल्या वयात खोल आणि सत्तरीच्या पुढे परत चढता. तरुणांकडचा काठ अननुभवाचा आणि रात्रीचा, आणि मित्रांचा. किशोरवयीन चालकाच्या शेजारी त्याच वयाची मुलं बसली की धोका वाढतो, तो एकटा असताना तेवढा नसतो. म्हाताऱ्यांकडचा काठ थोडा फसवा आहे. त्यात अपघात होणं आहेच, पण त्याच धडकेत तरुण वाचतो आणि म्हातारं माणूस वाचत नाही, हेही आहे. बरगड्या ठिसूळ झालेल्या असतात. हा आलेख खोटा नाही. मी त्याच्यावर पोट भरलं आहे. फक्त तो दहा हजार माणसांबद्दल बोलतो, आणि मी आयुष्यभर तो समोरच्या एका माणसाला लावत आले. आता दालनातल्या त्या पोरानं तो मला लावला तर चिडायचा मला कितपत हक्क होता?

तरी चिडले. आणि चिडले की मी वाचायला बसते.

फोर्ड मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ला, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. युद्धानंतर जन्मलेली पिढी गाडी घ्यायच्या वयाला येत होती, तिच्यावर डोळा ठेवून. लांब बॉनेट, आखूड मागची बाजू, आणि खाली मात्र कंपनीच्याच साध्या फाल्कनचे बरेचसे भाग. पहिल्याच वर्षात चार लाखांच्या वर गाड्या खपल्या. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९६५ला, एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाचा 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द वापरणारा निबंध छापून आला. म्हणजे तरुणांसाठी म्हणून विकलेली गाडी आणि ती घेणाऱ्या प्रौढाला हिणवायचा शब्द, दोघं एका वर्षाच्या अंतरानं जन्मले. गंमत अशी की जॅक्सच्या निबंधात गाडीबिडी काही नाही. त्याचा विषय कलावंत होते: ऐन पस्तिशीच्या आसपास त्यांच्या कामात काय बदल होतो, काही जण तेव्हाच कसे संपतात, आपण मरणार आहोत हे माणसाला पहिल्यांदा खरोखर कधी उमगतं. इतकी गहन गोष्ट, तिचं लोकांनी लाल गाडी करून टाकलं.

उलटंही झालेलं आहे. होंडाची एलिमेंट, २००३च्या सुमारास आलेली ती खोक्यासारखी गाडी, कॉलेजातल्या मुलांसाठी होती. आतली जमीन पुसून साफ करता यायची, सर्फिंगच्या फळ्या मावायच्या. घेतली मात्र कितीतरी मध्यमवयीन लोकांनी: कुत्री न्यायला, कुंड्या न्यायला, आणि मुख्य म्हणजे चढ-उतार सोपा म्हणून. कारखान्यानं ठरवलेलं वय गाडीनं पाळलं नाही.

जपाननं तर वय गाडीवर चिकटवायची सोयच केली. नवशिक्या चालकानं हिरव्या-पिवळ्या कोवळ्या पानाचं चिन्ह लावायचं, हे १९७२पासून. वृद्ध चालकांसाठी १९९७ साली आणखी एक चिन्ह आलं, नारिंगी-पिवळ्या थेंबाच्या आकाराचं. लोकांनी त्याचं नाव पाडलं वाळकं पान. म्हाताऱ्यांना ते झोंबलं, आणि का झोंबू नये? अखेर २०११ला ते बदलून चार पाकळ्यांचं रंगीत पान आणलं. मी हे भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या गाडीवर दोन लावायला लागतील." 'आपल्या' हा शब्द त्यानं फार सहज वापरला, याची मी नोंद घेतली.

मग खरा शोध सुरू झाला. शेवटपर्यंत टिकल्या तीन गाड्या: एमएक्स-५ची २०१५ला आलेली चौथी पिढी, टोयोटाची जीआर८६ आणि पोर्शची जुनी बॉक्स्टर. प्रत्येकीच्या मालकाचं चित्र भाच्याकडे तयार. बॉक्स्टर १९९६ला आली तेव्हापासून 'नाइन इलेव्हन, म्हणजे पोर्शचीच महागडी गाडी, परवडली नाही त्याची'. जीआर८६ म्हणजे टोपी उलटी घालणाऱ्या पोरांची. आणि एमएक्स-५? ब्रिटनमध्ये तिला केस कापणाऱ्या बायकांची गाडी म्हणून हिणवतात, इतरत्र निवृत्तांची. मी म्हटलं, अरे, दोन आसनांची जगात सर्वांत जास्त खपलेली स्पोर्ट्स कार आहे ती, २०१६ला दहा लाखावी तयार झाली. तो म्हणाला, "दहा लाख निवृत्त." त्याचं स्वतःचं काळीज होंडा एस२०००वर, १९९९ची, दोन लिटरचं इंजिन आणि मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास पोचणारे त्याचे फेरे. ती बाजारात आली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. हौस वयाच्या मागंही धावते.

बॉक्स्टर लवकर गळली. गाडी सुरेख, इंजिन आसनांच्या मागे, पुढे आणि मागे अशा दोन डिक्या. पण मिळत होत्या त्या वीस-पंचवीस वर्षांच्या, आणि मला माझ्याबरोबर आणखी एका उतारवयाची देखभाल नको होती.

आता बसण्या-उठण्याबद्दल. यावर कोणी धड लिहीत नाही. उंच गाड्यांत आसन साधारण माणसाच्या कमरेच्या उंचीला असतं. आपण बाजूनं सरकतो आणि बसलो. मोटार आखणारे लोक या उंचीला एच-पॉइंट म्हणतात, म्हणजे बसल्यावर आपला कमरेचा सांधा कुठं येतो ती जागा. १९९०च्या दशकात फोर्डच्या तरुण अभियंत्यांना 'थर्ड एज सूट' नावाचा जाडजूड पोशाख घालायला लावत: गुडघे-कोपर आखडलेले, डोळ्यांवर धूसर चष्मा. म्हातारपण अंगावर घालून गाडीत बसायचं. त्यातून फोकससारख्या गाडीची दारं रुंद झाली, आसन उंच झालं. स्पोर्ट्स कारची गरज नेमकी उलटी. वजन जितकं जमिनीजवळ तितकी गाडी वळणावर कमी कलते, म्हणून सर्वांत आधी चालकालाच खाली घालतात. तिथं बसायचं नसतं, पडायचं असतं.

मी रीत बसवली. आधी पाठमोरं होऊन बूड आसनावर टेकायचं, मग दोन्ही गुडघे जोडीनं आत घ्यायचे. उतरताना आधी दोन्ही पावलं बाहेर, एक हात उंबऱ्यावर, एक दाराच्या चौकटीला, आणि कण्हायचं नाही. प्रत्येक दालनात मी हे दहा वेळा केलं. एकदा केलं तर शरीर अदबीनं वागतं. सातव्या वेळेला खरं बोलतं. जीआर८६मध्ये आठव्या वेळेला माझी कंबर बोलली. तिची दारं लांब, ती पूर्ण उघडली तरच पाय मोकळे बाहेर येतात, आणि आमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीनं तेवढी जागा सोडलेली नसते. एमएक्स-५चं आसनही जमिनीलाच टेकलेलं, पण छत उघडं असलं की मान वाकवावी लागत नाही, उभ्यानं सरळ खाली जाता येतं. म्हणजे लोक ज्याला पोरकटपणा म्हणतात ते उघडं छत माझ्या मानेसाठी वैद्यकीय सोय निघाली. परिचितांकडे एक ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, फारच हलकी आणि फारच बुटकी गाडी होती, तीही बसून पाहिली. उंबरा इतका रुंद की ओलांडायला योजना आखावी लागते. तिथं मीच काय, भाचाही मेटाकुटीला आला. तेवढ्यानं मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

डोळ्यांचं जास्त गंभीर आहे. वय वाढतं तसं अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यात उजेड कमी शिरतो. आणि समोरच्या दिव्यानं दिपलेली नजर सावरायला वेळ लागतो. बुटक्या गाडीत तर समोरून येणाऱ्या उंच गाड्यांचे दिवे थेट डोळ्यांच्या रेषेत. पहिल्या संध्याकाळच्या चाचणीत मला हे समजलं आणि मी गप्प झाले. प्रतिक्रियेचंही तसंच. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. पाय ब्रेकवर जायला मला भाच्यापेक्षा दोन दशांश सेकंद जास्त लागत असतील, तर ते साडेपाच मीटर झाले. साडेपाच मीटरमध्ये एक अख्खी गाडी उभी राहते. हसणाऱ्यांपैकी एकानंही मला हे विचारलं नाही. रंग कोणता घेणार हे मात्र सगळ्यांनी विचारलं.

म्हणून निर्णयाआधी मी एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. ओल्या, गुळगुळीत केलेल्या पटांगणावर मागच्या चाकांना जोर देणारी गाडी घसरवायची आणि सावरायची. भाचा आलाच, तिथं वयाची अट नव्हती. जाताना वाटेत आमचं नेहमीचं भांडण. तो मॅक्स वर्स्टॅपन काढतो, २०१६ला स्पेनमध्ये अठराव्या वर्षी फॉर्म्युला वन जिंकलेला. मी जुन्या काळचा शर्यतपटू फान्जिओ काढते: १९५७, नूरबर्गरिंग, वय ४६. टायर-इंधनाच्या थांब्यात वेळ घालवून मागे पडलेला, मग फेरीमागून फेरीचे विक्रम मोडत त्यानं कॉलिन्स आणि हॉथॉर्न या दोघांना गाठलं आणि मागे टाकलं. एक पंचविशीचा, एक अठ्ठाविशीचा. भाचा म्हणतो, "तो फान्जिओ होता, मावशी." मी म्हणते, तुझा तरी कुठं शेजारचा मुलगा आहे? हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन, त्याला मी राखून ठेवते. तो सत्तराव्या वर्षी, १९९५ला, डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकलेल्या संघात होता.

पटांगणावर दोघांचीही शोभा झाली. वळणाच्या मध्यावर गॅसवरून पाय झटकन काढला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर सुटतं. हे मला वाचून ठाऊक होतं. पण पस्तीस वर्षांत पायाला एकच शिकवण: भीती वाटली की गॅस सोड. शेपूट किंचित हललं की मी पाय उचलायची, आणि पाय उचलला की ते पूर्णच सुटायचं. तीनदा गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभी. माझा अनुभवच माझ्या आड येत होता. भाच्याचे हात मात्र वीज. तो वर्षानुवर्षं संगणकावर शर्यती खेळलाय. घसरण सुरू झाली की स्टीयरिंग आपोआप उलट्या दिशेला. पण त्याच्या बुडाखालची खुर्ची कधी घसरलेली नाही. शेपूट परत येतंय हे त्याला कळायचं नाही, तो वळवूनच धरायचा, आणि मग गाडी दुसऱ्या बाजूला चाबकासारखी जायची. प्रशिक्षक त्याला म्हणाला, "हात छान आहेत, आता बसायला शीक." मला म्हणाला, "मॅडम, बसणं छान आहे. पाय विसरा. आणि गाडीच्या नाकाकडे नका बघू, जायचंय तिकडे बघा." दुपारनंतर एका चक्करीत मला ते सापडलं. पाय पूर्ण न काढता सैल केला, नजर वळणाच्या शेवटाकडे, हात स्वतःहून फिरले, आणि शेपूट आत आलं. आवाज बाहेर पडला तो माझाच होता, हे नंतर कळलं.

आमच्या तुकडीत सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ होते, अबोल, स्वेटर घालून. ओल्या वर्तुळावर त्यांची गाडी शेपूट बाहेर ठेवून एकसारखी फिरत राहिली, कुठं हिसका नाही. आणि एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी होती, तिला ताशी तीसच्या वर जायचं धैर्य होईना. वडिलांनी नाव घातलं होतं म्हणून आलेली. माझ्या ३१ वर्षांच्या तक्त्यात ती महाग होती आणि ते स्वस्त नव्हते. तिला मी सांगितलं, मीपण तीनदा उलटं तोंड करून उभी राहिले. ती म्हणाली, "काकू, तुम्ही मुद्दाम करत होता ना?"

त्या दिवसानंतर गाडीचा निर्णय सोपा झाला. जीआर८६ची २.४ लिटरची मोटर मला मनापासून आवडली होती. मागची आसनं पाडली तर चार टायर मावतात, भाच्याच्या दृष्टीनं हाच सर्वांत मोठा गुण. पण तिच्यात मजा यायला लागली की वेगमर्यादा केव्हाच मागे पडलेली असायची. १.५ लिटरची एमएक्स-५, तिची ताकद १३२ अश्वशक्तीच्या आसपास, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत पिळता येते आणि तरी आपण कायद्यात. छोटा गिअर, मनगटाएवढी हालचाल. फेऱ्यांचा काटा मधोमध, मोठा, माझ्या चष्म्याच्या अंतरावर. स्टीयरिंग पुढेमागे सरकतं, जे या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत नव्हतं आणि आखूड हातांच्या माणसाला लागतंच. डिकी १३० लिटरची, म्हणजे दोन बॅगा आणि माफी. जादा चाक नाही, पंक्चरचं सामान देतात. भाचा म्हणाला, "निदान दोन लिटरची तरी घे." मी म्हटलं, तू आधी बसायला शिकलास की बघू.

रंगाचा पेच वेगळाच. लाल घेतली तर लोक म्हणतात तेच खरं. लाल नाही घेतली तर ती लोकांसाठी नाही घेतली, म्हणजे परत लोकच. कपाटाच्या दारावरची होती लाल. दोन रात्री यावर घालवल्या, विमा खात्यातल्या माणसाला शोभणार नाहीत अशा. लालसाठी चार महिने थांबावं लागेल असं विक्रेता म्हणाला. हा दुसऱ्या दालनातला, यानं माहितीपत्रक मला दिलं होतं. थांबले.

विम्याचा अर्ज मी स्वतः भरला. माझा हप्ता किती येणार हे मला बटण दाबायच्या आधी ठाऊक होतं. संध्याकाळनंतर मी ही गाडी चालवायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून दुसरा चालक म्हणून भाच्याचं नाव घातलं, आणि आकडा असा उसळला की खुर्चीत मागे सरकले. त्याला दाखवला. पहिल्यांदा त्याला कळेना. "मी कधी कुणाला ठोकलंय का?" नाही ठोकलंस. "मग?" मी त्याला वाटीचा आलेख कागदावर काढून दाखवला, तो काठावर कुठं बसतो, मी तळाशी कुठं. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे दालनात तू म्हातारी होतीस, आणि इथं मी वाईट." हो. "आणि हा तक्ता तुम्ही करता?" करत होतो. वरचा फरक तो गाडी धुऊन फेडणार आहे. आत्तापर्यंत दोनदा धुतली.

गाडी आली त्या सकाळी मी एकटी निघाले. छत दालनातल्या माणसानं उघडून दिलं होतं. वळणावळणाचा रस्ता, चौथ्यातून तिसऱ्यात, इंजिनाचा आवाज थेट मानेमागून. मध्येच चार थेंब पडले. एमएक्स-५चं कापडी छत हातानं ओढायचं असतं. बसल्या जागेवरून एक हात मागे नेऊन, धरून, पुढे खेचून खटका लावायचा. तरुण मुली सिग्नलला थांबल्या-थांबल्या करतात. माझा डावा खांदा गेल्या वर्षापासून आखडलेला आहे. हात वर जातो, मागे जात नाही. इतक्या गाड्या तपासल्या, दहा-दहा वेळा बसले-उठले, दर वेळी छत दुसऱ्या कोणीतरी उघडलेलं किंवा लावलेलं होतं, आणि ही एक गोष्ट मी करून बघितली नव्हती. कडेला थांबले, उतरले, फिरून पलीकडे गेले, उजव्या हातानं छत ओढलं. तोवर आसन भिजलं होतं. मागून आलेल्या एका गाडीतून कोणीतरी अंगठा दाखवला. कौतुकानं की कशानं, कोण जाणे.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे गेले. आधी सांगितलेले व्यायाम मी टाळत आले होते हे तिला ठाऊक होतं. माझ्या मोठ्या मुलीएवढी असेल. ती सगळ्यांना विचारते तसं तिनं विचारलं, हात कुठवर न्यायचाय? केस विंचरायला, की वरच्या फळीवरचं काढायला? मी सांगितलं. तिनं वहीत लिहिलं, 'डावा, मागे, गाडीचं छत', मग पेन थांबवून विचारलं, छत किती जड असतं. मला सांगता येईना. "पुढच्या वेळी गाडी घेऊन या, बघू," ती म्हणाली. "आता भिंतीला तोंड करून उभ्या राहा."